‘सॅलीची हॅरिएट, पळाली’ : मॉन्टिचेलोच्या वहीतल्या एका नोंदीचा माग

थॉमस जेफरसनच्या मॉन्टिचेलो मळ्याच्या शेतवहीत गुलामांच्या यादीत हॅरिएट या नावापुढे जेमतेम दोन शब्द आहेत: सॅलीची, आणि पळाली. पुढे सालाचा आकडा, 22. म्हणजे 1822. हॅरिएट तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिचा थोरला भाऊ बेव्हर्ली, त्याच्यापुढेही तसंच.

वही लिहिणारा माणूस अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि देशाचा तिसरा अध्यक्ष. गुलाम पळाला तर काय करायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 1769 मध्ये सँडी नावाचा मोची पळाला तेव्हा त्याने वर्तमानपत्रात बक्षिसाची जाहिरात दिली होती. खिळ्यांच्या कारखान्यातला जेम्स हबर्ड पळाला तेव्हा माणूस लावून त्याला शोधून आणलं आणि इतरांसमोर फटके दिले. हॅरिएटसाठी मात्र जाहिरात नाही, शोध नाही. मळ्याचा मुकादम एडमंड बेकन याने म्हातारपणी सांगितलं, की जेफरसनच्या सांगण्यावरून आपणच तिला पन्नास डॉलर दिले आणि फिलाडेल्फियाच्या गाडीचं भाडं भरलं.

थोडक्यात, ‘पळाली’ ही नोंद मालकाच्या हातची, त्याच काळातली, अस्सल. आणि तरी घडलं ते तसं नव्हतं. रीतसर सोडायचं तर कागद करावे लागले असते, चारचौघांत चर्चा झाली असती. शिवाय 1806 च्या कायद्याने सुटलेल्या गुलामाला वर्षभरात व्हर्जिनिया सोडावं लागे, नाहीतर विधिमंडळाची परवानगी काढावी लागे. वहीत ‘पळाली’ लिहून टाकणं सगळ्यात सोपं.

आपल्याकडे कुलवृत्तांत करणारी मंडळी ‘लेखी पुरावा आहे का?’ हा प्रश्न अशा थाटात विचारतात, की लेखी सापडलं म्हणजे विषय संपला. मीही त्यातलाच. मॉन्टिचेलोचं प्रकरण वाचत गेलो तशी ती खोड बरीच मोडली. उलट बाजूची खोडही मोडली, म्हणजे ‘घराण्यात सांगत आलेत, ते खरंच असणार’ ही. दोन्ही कशा मोडल्या ते सांगण्यासाठी हे टिपण.

मळा आणि त्यावरची माणसं

व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावाजवळ एका टेकडीवर मॉन्टिचेलो आहे. भोवती सुमारे पाच हजार एकर जमीन. आधी तंबाखू, मग गहू. जेफरसन जन्मभरात सहाशेहून अधिक माणसांचा मालक होता, एका वेळी या मळ्यावर साधारण एकशेतीस. त्यांतली बरीच सासऱ्याकडून आलेली. सासरा जॉन वेल्स 1773 मध्ये वारला आणि बायकोच्या वाट्याने 135 माणसं, अकरा हजार एकर आणि त्याबरोबर भलंमोठं कर्ज जेफरसनच्या घरात आलं. त्या 135 जणांत एलिझाबेथ हेमिंग्ज ही बाई आणि तिची मुलं होती. धाकटी सॅली तेव्हा तान्ही. तिचा बाप वेल्सच, असं पुढे सॅलीच्या मुलाने सांगितलं. म्हणजे सॅली ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, आणि बहिणीच्याच घरात गुलाम.

बायको मार्था 1782 मध्ये गेली. जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसला असताना 1787 मध्ये त्याच्या धाकट्या मुलीला सोबत म्हणून चौदा वर्षांची सॅली तिकडे गेली आणि 1789 मध्ये परत आली. त्यानंतर तिला झालेल्या मुलांपैकी चार मोठी झाली: बेव्हर्ली (1798), हॅरिएट (1801), मॅडिसन (1805), ईस्टन (1808). या मुलांचा बाप कोण, हा वाद 1802 पासून चालू आहे. त्या सप्टेंबरात रिचमंडच्या एका वर्तमानपत्रात जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने जेफरसन अध्यक्ष असतानाच त्याचं नाव छापलं. कॅलेंडर आधी जेफरसनच्या बाजूचा, मग नोकरी मिळाली नाही म्हणून उलटलेला. त्यामुळे त्याने लिहिलं म्हणजे खोटंच, असं दीडशे वर्षं मानलं गेलं. द्वेषाने बोलणारा माणूस खरंही बोलू शकतो, ही साधी गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात आली नाही.

वही काय सांगते, काय गिळते

1774 ते 1826 अशी बावन्न वर्षं चाललेली ही वही इतिहासासाठी लिहिलेली नाही. कोणाला कापड किती दिलं, घोंगडी कोणत्या साली दिली (दर तिसऱ्या वर्षी एक, असा रिवाज), पीठ आणि खारवलेले मासे कोणत्या घरात किती गेले, कोण कधी जन्मलं. मालमत्तेची जंत्री ती. पण घोंगड्यांच्या यादीतच घरं दिसतात. नावं एकाखाली एक, आईच्या खाली मुलं, पुढे जन्मसालाचे दोन आकडे. दक्षिणेतल्या बहुतेक मळ्यांच्या वाट्याला एवढंही नाही. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली, त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. नावच नाही. त्या मानाने मॉन्टिचेलोचे वंशज नशीबवान, असं म्हणावं लागतं. कसलं नशीब, हा भाग वेगळा.

या जागी मॉरिशस आठवतं. आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिट्यांची, म्हणजे करारावरच्या मजुरांची, तिथल्या नोंदवह्यांत नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण अशी नोंद झाली. तिथली मराठी कुटुंबं आजही मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जाऊन पणजोबांचं गाव शोधतात. तिथे बापाचं नाव लिहिलं, कारण करार त्या माणसाशी होता. व्हर्जिनियात बापाचं नाव लागतच नव्हतं. 1662 च्या कायद्याने मूल आईच्या अवस्थेला जाई: आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. वहीत ‘सॅलीची’ लिहिलं की मालकीचा प्रश्न मिटला. बापाचं नाव नाही म्हणजे काही लपवलं, असं या वहीवरून सिद्ध होत नाही. पण काही घडलंच नाही, असंही होत नाही. रिकामी जागा दोन्ही बाजूंनी ओढता येते, आणि दोन्ही बाजूंनी ती ओढली.

जेफरसन 1820 च्या एका पत्रात लिहितो, की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई मळ्यावरच्या उत्तम गड्यापेक्षा जास्त फायद्याची. वहीतल्या जन्मांच्या नोंदी वाचताना हे वाक्य शेजारी ठेवून वाचावं. आपल्या पेशवे दफ्तरातल्या कुणबिणी आणि बटकींच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही नाव, वय, किंमत. आणि लेकावळ्यांच्या, म्हणजे त्यांच्या पोटी झालेल्या मुलांच्या, बापाबद्दल कागद गप्प.

तरी या वहीतून आणि जेफरसनच्या रोजच्या हिशेबाच्या टिपणांतून एक गोष्ट हाती लागली, जी लिहिणाऱ्याच्या मनातही नव्हती. जेफरसन कोणत्या दिवशी कुठे होता हे त्याच्या हिशेबांवरून जवळपास तारीखवार ठरवता येतं. मोठमोठ्या मुदती तो मॉन्टिचेलोबाहेर असे: फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. सॅलीच्या मुलांच्या जन्मतारखा वहीत आहेत. दोन्ही शेजारी ठेवल्या तर प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या काळात जेफरसन घरी होता, आणि तो घरी नसताना सॅलीला एकदाही दिवस गेले नाहीत. गंमत म्हणजे हे वेळापत्रक जुळवून छापणारा डुमास मलोन हा जेफरसनचा चरित्रकार स्वतः ही गोष्ट मानायला शेवटपर्यंत तयार नव्हता. पुढे मॉन्टिचेलोचे पुरातत्त्वज्ञ फ्रेझर नीमन यांनी 2000 मध्ये त्याचं गणित मांडलं: हा योगायोग असण्याची शक्यता शंभरात एक.

मॅडिसनची जबानी

13 मार्च 1873 रोजी ओहायोतल्या ‘पाइक काउंटी रिपब्लिकन’ या छोट्या पत्रात मॅडिसन हेमिंग्जची हकीकत छापून आली. तो अडुसष्ट वर्षांचा, पेशाने सुतार. संपादकाने ती उतरवून घेतली होती, म्हणून काही शब्द संपादकाचे असणार हे धरून चालावं लागतं. पण मजकूर तपशिलांचा आहे. आजी कोण, तिचा बाप इंग्रज जहाजाचा कप्तान, आजोबा वेल्स. पॅरिसमध्ये आईला दिवस गेले, फ्रान्सच्या कायद्याने ती तिथे मोकळी होऊ शकत होती, म्हणून ती परतायला तयार नव्हती. तेव्हा जेफरसनने तिला खास सवलती आणि मुलं एकवीस वर्षांची झाली की सोडण्याचं वचन दिलं. ते मूल जगलं नाही. मग आम्ही चौघं. बापाला आम्हा मुलांवर माया करण्याची सवय नव्हती, नातवंडांवर मात्र तो माया करी.

ही हकीकत इतिहासकारांनी जवळजवळ शंभर वर्षं बाजूला ठेवली. कारणं ठरलेली: राजकीय पत्रात छापलेली, बोलणारा काळा, मोठ्या माणसाशी नातं सांगण्यात त्याचा स्वार्थ. ही शंका घेणं चूक नव्हतं. चूक ही, की तीच शंका दुसऱ्या बाजूच्या साक्षीदारांवर कोणी घेतली नाही.

मॅडिसनच्या हकीकतीतलं जे तपासता येतं, ते तपासून पाहू. मुलं एकवीसची झाली की सोडणार: बेव्हर्ली आणि हॅरिएट 1822 मध्ये गेले, मॅडिसन आणि ईस्टन यांना 1826 च्या मृत्युपत्राने सोडलं. त्या मृत्युपत्रात सुटलेले एकंदर पाचच, पाचही हेमिंग्ज घराण्यातले. मॉन्टिचेलोवर सगळीच्या सगळी मुलं सुटली असं दुसरं एकही घर नाही. सॅलीला कागदावर कधीच सोडलं नाही; जेफरसनच्या मुलीने तिला नुसतं जाऊ दिलं. ती शार्लट्सव्हिलला मुलांजवळ राहिली. तिथल्या 1830 च्या जनगणनेत ती गोरी म्हणून मोजली गेली आणि 1833 च्या खास मोजणीत मुक्त मुलाटो, म्हणजे मिश्र वंशाची, म्हणून. बाई तीच, गाव तेच, तीन वर्षांचं अंतर. मोजणाऱ्याच्या नजरेवर माणसाचा वंश ठरे, आणि आज वंशावळ लावणारा त्या दोन नोंदी पाहून दोन वेगळ्या बायका समजू शकतो.

जेफरसनने स्वतः 1815 च्या एका पत्रात बीजगणितासारखी अक्षरं मांडून दाखवलंय, की गोऱ्यांशी तिसऱ्या पिढीत संबंध आला की संतती कायद्याने गोरी ठरते, पण आई गुलाम असेल तर ती गोरी असूनही गुलामच. हे गणित तो कोणासाठी करत होता हे पत्रात नाही. त्याच्या घरात त्या हिशेबात नेमकी बसणारी चार मुलं होती.

1870 मध्ये ओहायोच्या रॉस काउंटीत जनगणना करणाऱ्याने मॅडिसनच्या नावाशेजारी रकाना सोडून लिहिलं: हा माणूस थॉमस जेफरसनचा मुलगा आहे! उद्गारचिन्हासकट. पुरावा म्हणून त्याची किंमत किती? मॅडिसनची हकीकत छापून येण्याआधी तीन वर्षं गावात हे बोललं जात होतं, एवढीच. जास्त नाही. पण ‘पत्राच्या संपादकाने रचलं’ हा आक्षेप त्याने निकालात निघतो.

घरची मंडळी

आता गोऱ्या बाजूचे साक्षीदार. जेफरसनचा नातू थॉमस जेफरसन रँडॉल्फ याने चरित्रकार हेन्री रँडॉलला सांगितलं, की सॅलीच्या मुलांचा बाप पीटर कार, म्हणजे जेफरसनच्या बहिणीचा मुलगा. नात एलन कूलिज हिने 1858 मध्ये नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याच आरोपाचं खापर दुसऱ्या भाच्यावर, सॅम्युअल कारवर फोडलं. सख्खे भाऊबहीण, एकाच घरात वाढलेले, आणि नावं दोन. पिढ्यान्‌पिढ्या हे ‘कार बंधू’ असं एकत्र सांगितलं गेल्याने ही विसंगती कोणाला टोचली नाही.

रँडॉलने हे ज्या पत्रात लिहून ठेवलं, त्यात आणखी एक आहे. जेफरसनच्या मुलीने मरण्यापूर्वी मुलांना सांगितलं म्हणे, की सॅलीच्या एका मुलाच्या जन्माआधी पंधरा महिने जेफरसन आणि सॅली एका ठिकाणी नव्हतेच. रँडॉल म्हणतो, मी जुन्या हिशेबवहीवरून ताडून पाहिलं. त्याच हिशेबांनी हे विधान खोटं पाडलं, वर सांगितलंच. मुलीने बापाची अब्रू राखण्यासाठी सांगितलं असेल, किंवा तिचा तसा खरोखर समज असेल. माणूस आतला होता म्हणून साक्ष पक्की, हे मात्र गेलं.

मुकादम बेकनचंही तेच. तो म्हणाला, हॅरिएट जेफरसनची मुलगी नाही, दुसऱ्याची आहे. पहाटे मी मॉन्टिचेलोवर जाई तेव्हा त्या माणसाला तिच्या आईच्या खोलीतून निघताना पुष्कळदा पाहिलंय. छापताना त्या माणसाचं नाव गाळलं. बेकन मुकादम झाला 1806 मध्ये. हॅरिएटचा जन्म 1801 चा. म्हणजे पन्नास डॉलरबाबत विश्वास ठेवावा असा हा साक्षीदार बापाबाबत उपयोगाचा नाही. एकाच माणसाचं अर्धं घ्यायचं आणि अर्धं सोडायचं हे सोयीचं वाटू शकतं. पण पैसे त्याने स्वतः दिले, ते त्याच्या अखत्यारीतलं काम. बापाबद्दल तो जे सांगतो ते ज्या काळाशी जोडायचं, तेव्हा तो तिथे त्या कामावर नव्हता. साक्षीदार तोच असला तरी प्रत्येक वाक्य वेगळं तोलावं लागतं.

आणि अचूकतेचा धडा दुसऱ्या बाजूलाही. एलनच्या त्या पत्राची नक्कल विसाव्या शतकाच्या अखेरीस एका गाजलेल्या पुस्तकात छापताना मधला एक तुकडा गळला आणि वाक्याचा अर्थ बदलला. मुळात ती म्हणते, आजोबांच्या खोलीत जाणारी कोणतीही दासी सगळ्यांच्या नजरेला पडल्याशिवाय जाऊच शकत नव्हती. छापील वाक्यात ते उलटं वाटू लागलं. लेखिका मॅडिसनच्या बाजूची, निष्कर्षही पुढे टिकलेला. पण विरोधकांनी त्या एका ओळीवर वर्षानुवर्षं रान उठवलं. मोडीची नक्कल करताना माझीही ओळ सुटलेली आहे, एका ओळीत आणि खालच्या ओळीत तोच शब्द आला की डोळा घसरतो. त्यामुळे हसायचा हक्क मला नाही.

1998

नोव्हेंबर 1998 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात युजीन फॉस्टर या निवृत्त डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासणीचे निकाल छापले. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र पाहायचं होतं. जेफरसनला लग्नाच्या बायकोपासून जगलेला मुलगा नाही, म्हणून त्याच्या चुलत्याच्या, फील्ड जेफरसनच्या, पुरुषवंशातल्या पाच जणांचं रक्त घेतलं. कारांच्या पुरुषवंशातल्या तिघांचं. ईस्टन हेमिंग्जच्या पुरुषवंशात एक जण सापडला. आणि थॉमस वुडसन नावाच्या माणसाच्या वंशातले पाच.

ईस्टनच्या वंशजाचं गुणसूत्र जेफरसनांशी जुळलं. कारांशी नाही. वुडसन मंडळींचं जेफरसनांशी जुळलं नाही.

लेखाला मथळा मिळाला तो ‘जेफरसन हा गुलाम स्त्रीच्या शेवटच्या मुलाचा बाप’ अशा अर्थाचा. हे पुराव्यापेक्षा एक पाऊल पुढे होतं, आणि फॉस्टरनेच नंतर तसं कबूल केलं. गुणसूत्राने इतकंच सांगितलं, की ईस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला कोणी पुरुष. तो कोण, हे सांगायला वही, तारखा आणि मॅडिसनची जबानीच लागते. विरोधकांनी मग थॉमसचा धाकटा भाऊ रँडॉल्फ जेफरसन पुढे केला. 1807 च्या ऑगस्टमध्ये त्याला मॉन्टिचेलोला येण्याचं निमंत्रण दिल्याचं पत्र आहे, आणि ईस्टन पुढच्या मे महिन्यातला. पण तो आला याचा पुरावा नाही, आणि दीडशे वर्षं घरच्यांनी बोट दाखवलं ते कारांकडे, रँडॉल्फकडे नव्हे. कार बाद झाल्यावर तो आठवला.

मला या सगळ्यात जास्त लागलं ते वुडसनांचं. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की पॅरिसहून परतल्यावर सॅलीला झालेलं पहिलं मूल म्हणजे आपला पूर्वज थॉमस. शिकलेली, मानाची माणसं; वेगवेगळ्या गावांत विखुरलेल्या शाखांनी स्वतंत्रपणे जपलेली एकच कथा. मौखिक इतिहास म्हणून यापेक्षा भक्कम काय हवं? आणि गुणसूत्र जुळलं नाही. मॅडिसन तर आधीच म्हणाला होता, ते मूल थोड्याच दिवसांत गेलं. वहीतही त्या थॉमसचा पत्ता नाही. दोन काळी घराणी, दोघांच्या आठवणी, एकीला बाकीच्या पुराव्यांनी आधार दिला, दुसरीला नाही. ‘दडपलेल्यांचं म्हणणं ऐका’ एवढं म्हणून थांबता येत नाही. ऐकल्यावर तेही ताडून पाहायचं असतं. वुडसन मंडळींपैकी काहींनी निकाल मानला नाही, आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. दोनशे वर्षांचं घर एका कागदाने रिकामं करायला सांगितलं, तर कोण लगेच उठेल?

मॅडिसनच्या बाजूचा वाय गुणसूत्राचा पुरावा मात्र नाही. त्याच्या एका मुलाची कबर कॅन्सासमध्ये सैनिकी दफनभूमीत आहे. ती उकरायला वंशजांनी नकार दिला. आम्हाला सिद्ध करायचं काही नाही, असा त्यांचा सूर.

नाव मिळालेली बाकीची माणसं

मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने जानेवारी 2000 मध्ये अहवाल काढला: सगळे पुरावे एकत्र पाहता सॅलीच्या सहाही मुलांचा बाप जेफरसन असण्याची दाट शक्यता. त्यांच्याच समितीतल्या एकाने भिन्नमत नोंदवलं, ते छापलं. 2001 मध्ये दुसऱ्या एका गटाने नेमलेल्या अभ्यासकांच्या बहुमताने उलट कौल दिला. 2018 मध्ये मॉन्टिचेलोवर सॅलीच्या आयुष्याचं प्रदर्शन उघडलं, तिथे मात्र हे शक्यता म्हणून नाही, इतिहास म्हणून मांडलंय. वाद संपला असं नाही. मला स्वतःला 2018 ची मांडणी पटते, पण 2000 चा अहवाल अधिक आवडतो, कारण त्यात कोणता पुरावा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो हे दिसतं.

बापाच्या या एका प्रश्नाने बाकी मळा झाकला गेला होता. 1993 मध्ये लुसिया स्टँटन, डायन स्वॉन-राइट आणि ओहायोतल्या चिलिकॉथीच्या स्थानिक अभ्यासक बेव्हर्ली ग्रे यांनी वंशजांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली, आणि त्या पुढे शंभराच्या वर गेल्या. रीत सोपी, काम किचकट. वहीतलं पहिलं नाव धरायचं, विक्रीच्या कागदात ते कोणाकडे गेलं ते पाहायचं, 1870 च्या जनगणनेत आडनावासकट सापडतं का बघायचं, मग लग्नाच्या नोंदी, चर्चची पुस्तकं, घरातलं बायबल. हेमिंग्ज, फॉसेट, ग्रेंजर, गिलेट, हबर्ड, हर्न: वहीत आडनाव नसलेली माणसं अशी घराणी झाली. आयझॅक नावाच्या लोहाराची हकीकत 1847 मध्ये पीटर्सबर्गला चार्ल्स कॅम्पबेलने उतरवली, ती छापली गेली ‘आयझॅक जेफरसन’ या नावाने. त्याच्या घराण्याचं नाव ग्रेंजर, हे कळायला पुढची दीड शतकं गेली.

फॉसेट घराण्याचं एक पाहा. जेफरसन मेला तेव्हा एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. जानेवारी 1827 मध्ये मॉन्टिचेलोवर 130 माणसांचा लिलाव झाला. जोसेफ फॉसेट हा लोहार मृत्युपत्राने सुटणाऱ्या पाचांतला. पण बायको एडिथ, जी अध्यक्षांच्या घरी फ्रेंच स्वयंपाक शिकून आली होती, आणि त्यांची मुलं वेगवेगळ्या माणसांनी विकत घेतली. जोसेफने पुढे बायको आणि काही मुलं परत मिळवली. अकरा वर्षांचा पीटर राहिला तो 1850 पर्यंत. मग तो सिनसिनाटीला धर्मोपदेशक झाला, आणि 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात त्याने स्वतः हे सांगितलं. लिलावाच्या कागदांत हे म्हणजे नुसती नावांची रांग. ‘मृत्युपत्राने पाच जणांना सोडलं’ हे वाक्य जेफरसनच्या चरित्रात औदार्य म्हणून वाचलं जातं. पीटरच्या बाजूने तेच वाक्य वेगळं वाचता येतं, आणि अचूक दोन्ही आहे.

जागांचंही तसंच. घराच्या दक्षिणेकडच्या तळघरवजा ओळीत सॅली राहत असावी अशी खोली. 1941 मध्ये तिथे पर्यटकांसाठी पुरुषांचं शौचालय बांधलं. ते तोडून 2017 मध्ये खालची विटांची फरशी आणि चूल उघडी केली. गुलामांची दफनभूमी तर पर्यटकांच्या गाड्या लावायच्या जागेला लागून. तिथे कबरी आहेत हे 2001 मध्ये खोदकामाने पक्कं झालं. जेफरसनांची दफनभूमी टेकडीवर कुंपणात आहे, ती अजून घराण्याच्या संघटनेच्या ताब्यात. हेमिंग्ज वंशजांना सभासद करून घ्यायचं नाही, असं त्यांनी 2002 मध्ये ठरवलं.

ईस्टन 1852 मध्ये विस्कॉन्सिनला गेला, जेफरसन आडनाव घेतलं आणि गोरा म्हणून राहिला. त्याच्या नातवंड-पतवंडांना पुढे सांगण्यात आलं, की आपण थॉमसचे नव्हे, त्याच्या चुलत्याचे वंशज. काळं मूळ झाकण्यासाठी केलेली ही दुरुस्ती. 1970 च्या दशकात त्यांच्यातल्या एकीने जेफरसनच्या नव्या चरित्रात ईस्टन हे नाव वाचलं, आणि घरातली कथा तिथे उसवली.

बेव्हर्लीचे आणि हॅरिएटचे वंशज सापडलेले नाहीत. दोघंही गोऱ्या समाजात मिसळून गेले, असं मॅडिसन सांगतो. हॅरिएटने वॉशिंग्टनमधल्या एका प्रतिष्ठित गोऱ्याशी लग्न केलं, तिला मुलं झाली, ती मॉन्टिचेलोच्या हेमिंग्जांपैकी आहे असा संशयही तिच्या वस्तीत कोणाला आला नाही. तिच्याकडून काही कळल्याला दहा वर्षं झाली. नवऱ्याचं नाव? मला सांगता येईल, असं तो म्हणतो, पण शहाणपण म्हणून सांगणार नाही. वंशावळीत तिच्या पुढची चौकट म्हणून रिकामी आहे. 1873 मध्ये ती भरता येणारा एक माणूस होता, आणि त्याने बहिणीसाठी ती तशीच ठेवली.